घरफोडी आणि राखण

घरफोड्याला चोरीआधी तीन गोष्टी जुळवाव्या लागतात : घरात कोण आहे आणि ऐवज कुठे आहे याची खबर, आवाज न करता आत शिरायची वाट आणि कोणाच्या नजरेस पडण्याआधी निसटायला पुरेसा वेळ. मातीच्या भिंतींच्या जागी सिमेंट आले, अडसराच्या जागी लॅच आले, जमिनीत पुरलेल्या हंड्याच्या जागी लोखंडी कपाट आले, तरी या गरजा तशाच राहिल्या. महाराष्ट्रात घर राखण्याच्या ज्या रीती वेळोवेळी रुळल्या, त्यांतली टिकलेली प्रत्येक रीत चोराच्या वागण्याकडे बारकाईने पाहून घडलेली आहे. जिथे वागणे सोडून चोराची जात पाहिली गेली, तिथे असंख्य निरपराध माणसे मात्र पिढ्यानपिढ्या होरपळली.

घरफोड्याच्या कामाचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन एका नाटकात आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकात शर्विलक हा चारुदत्ताचे घर फोडतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यामुळे शर्विलक मराठी प्रेक्षकाच्याही चांगल्या ओळखीचा आहे. तो ब्राह्मण आहे, विद्वान आहे, आणि आपल्या प्रेयसीला दासीपणातून सोडवण्यासाठी त्याला पैसा हवा आहे. भिंत कुठे फोडायची हे तो आधी विचार करून ठरवतो. रोज पाणी पडून जिथे भिंत भिजली आहे तिथे आवाज होत नाही. जिथे क्षाराने विटा खाल्ल्या आहेत तिथे श्रम कमी पडतात. उंदरांनी माती उकरून ठेवली असेल तर काम निम्मे झालेले असते. भिंत कशाची आहे त्यावर रीत ठरते : भाजलेल्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या विटा कापायच्या, मातीचा गिलावा भिजवायचा, लाकूड चिरायचे. भगदाडाचे आकारही सात सांगितले आहेत. कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक हे त्यांतले काही. शर्विलक पूर्णकुंभाचा आकार निवडतो. मापाची दोरी विसरली म्हणून तो जानव्याने माप घेतो.

आत शिरताना शर्विलक आधी एक खोटा पुतळा भगदाडातून पुढे सरकवतो. आत कोणी दबा धरून बसले असेल तर पहिला घाव पुतळ्यावर पडावा. मग तो निसटण्यासाठी दार उघडून ठेवतो आणि ते करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो. झोपलेली माणसे खरोखर झोपली आहेत की सोंग घेतले आहे, हे तो श्वासाच्या लयीवरून, पापण्यांवरून आणि डोळ्यांसमोर दिवा धरून तपासतो. नाटकातला विनोद बाजूला ठेवला, तरी पुढे पोलिसांनी वारंवार जे नोंदवले ते सगळे या एका प्रवेशात आहे : दुबळ्या जागेची पारख, परतीच्या वाटेची आधी केलेली सोय आणि घरातले माणूस जागे होण्याची सततची धास्ती. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तला अपहारवर्माही अशाच सामानासह निघतो. त्याच्याजवळ खणायचे हत्यार, कात्री, सांडशी, खोटे डोके, मापाचे सूत आणि दिवा विझवायला सोडायच्या किड्यांची डबी आहे. या विद्येचा आचार्य म्हणून परंपरेने मूलदेव ऊर्फ कर्णीसुत याचे नाव घेतले आणि स्कंदाला चोरांचे दैवत मानले.

कौटिल्याने हाच विषय दुसऱ्या बाजूने पाहिला. ‘अर्थशास्त्रा’च्या चौथ्या अधिकरणात, कंटकशोधनात, फुटलेल्या घराची पाहणी कशी करावी ते दिले आहे. दार मोडले आहे की वरच्या मजल्याची जाळी फोडली आहे, भिंत खणली आहे की चढून कोणी आत आले आहे, हे आधी पाहायचे. सांगितल्याशिवाय कळणार नाही अशा जागचा ऐवज गेला असेल, किंवा भिंतीची माती आतल्या बाजूला पडली असेल, तर घरातल्याच माणसाचा हात समजावा. उलट खुणा असतील तर बाहेरच्याचा. घरातल्या संशयितांची लक्षणेही नोंदली आहेत : फार वेळ झोपलेला किंवा जागरणाने थकलेला, कोरड्या आवाजाचा, उतरलेल्या चेहऱ्याचा, अंगावर ओरखडे आणि फाटके कपडे असलेला, नखांत माती भरलेला. जुन्या पद्धतीप्रमाणे कौटिल्याच्या संशयाला वर्गभेदाचा रंग आहे आणि गरीब व नोकरचाकर त्याच्या यादीत लवकर येतात. तरीही त्याची मुख्य दिशा पुराव्याकडे आहे, आणि ‘खबर आतून गेली का?’ हा त्याचा पहिला प्रश्न आजही घरफोडीच्या तपासात सुरुवातीलाच विचारला जातो.

दख्खनच्या गावांत राखणीचा भार भिंतींपेक्षा माणसांवर होता. पाटलाच्या हाताखाली महार वेसकर किंवा जागल्या म्हणून काम करत. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी रामोशी रखवालीचे वतनदार होते. गावात कोण आले, कोण गेले, कोणाच्या घरी पाहुणा उतरला, कोणाच्या हाती अचानक पैसा खेळू लागला, याची खबर ठेवणे हेच त्यांचे काम होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ही व्यवस्था नीट वर्णन केली आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला आणि तिथल्या राखणदाराची खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्याने पुढचा माग उचलायचा. असे करत ज्या गावात माग जिरला ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरले जाई. भरपाई आधी राखणदाराकडून, त्याच्या ऐपतीप्रमाणे घ्यायची आणि उरलेली, प्रसंग पाहून, सगळ्या गावावर बसवायची.

या रीतीने चोराच्या तिसऱ्या गरजेवर, म्हणजे निसटण्यावर, नेमका घाव घातला. गाव सोडून पळाले की सुटलो असे चोराला म्हणता येत नव्हते, कारण पुढच्या गावाला आपल्या पदराला खार लागू द्यायची नव्हती. चोराला आसरा देणे, माल लपवणे किंवा नुसते डोळे मिटून बसणे, यांतले काहीही केले तरी गावाच्या खिशाला चाट होती. व्यवस्थेला काळी बाजूही होती. राखणदार आणि चोर यांचे संगनमत होई, आणि ज्यांच्यावर राखणीचा भार होता त्यांनाच गावकुसाबाहेर हीन जिणे जगावे लागे. पण सगळ्या गावाचे हित एका घराच्या राखणीशी बांधण्याची ही कल्पना पुढच्या कोणत्याही पोलीस व्यवस्थेला इतकी साधली नाही.

घरांची बांधणीही चोराच्या सवयी ओळखून झाली होती. सोलापूर-मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असत, पण त्या खणता येत. म्हणून भगदाड हाच तिथल्या घरफोडीचा मुख्य मार्ग राहिला. कोकणात जांभ्याची भिंत सहजी खणली जात नाही, म्हणून तिथे कौले काढून वरून उतरण्याकडे कल होता. देशावरच्या वाड्यांनी रस्त्याकडच्या बाजूला खालच्या मजल्यावर मोठ्या खिडक्या ठेवल्याच नाहीत. बाहेर दगडी जोते, खिळे ठोकलेले भक्कम दार, त्यातल्या दिंडीतून एकेका माणसाने वाकून शिरायचे, आणि आतून भिंतीच्या खाचेत सरकणारा लाकडी अडसर. उंच उंबरठा आणि ठेंगणी चौकट यांमुळे अंधारात शिरणारा माणूस अडखळतो किंवा डोके आपटतो. धान्य बळदात किंवा पेवात, नाणी हंड्यात आणि हंडा जमिनीखाली. पुरलेला ऐवज मोठ्या भगदाडालाही सापडत नाही, फक्त खबरीला सापडतो; म्हणून पुरल्याची जागा घरातल्या एक-दोघांनाच माहीत असे. जाणती माणसे अचानक गेली की घरच्यांनाच तो हंडा कधी सापडत नसे, ही या रीतीची किंमत होती.

चोराचे वेळापत्रकही ठरलेले असे. कृष्णपक्षातल्या काळोख्या रात्री, उन्हाळ्यात माणसे अंगणात किंवा माळवदावर निजलेली असताना मोकळी पडलेली घरे, लग्न किंवा जत्रेसाठी बाहेरगावी गेलेले कुटुंब आणि सुगीनंतर पैसा हाती आलेला काळ, या त्याच्या संधी होत्या. घराबाहेर निजणारे लोक दार राखतात, पण मागची भिंत राखत नाहीत, हे चोराला पक्के ठाऊक होते.

पेशवाईतल्या पुण्यात राखण कोतवालाच्या हाती होती. पेठांमध्ये चावड्या होत्या, रात्री गस्त फिरे आणि ठराविक वेळी तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पकडून चावडीत बसवत. घाशीराम सावळदास या कोतवालाच्या कारकिर्दीत या अधिकाराचा कहर झाला. कोठडीत गुदमरून ब्राह्मण मेल्यानंतर १७९१ मध्ये लोकांनी त्याला ठेचून मारले.

१८१८ मध्ये पेशवाई संपून कंपनी सरकार आले, त्यानंतर गावची राखण खिळखिळी झाली. किल्ल्यांवरची चाकरी गेली, वतने कमी झाली, आणि रखवालीवर जगणाऱ्या रामोशांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. पुरंदर भागातल्या उमाजी नाइकांचे बंड यातूनच पेटले. त्यांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिले. त्यांना पकडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक प्रसिद्ध केले. राखणदाराची चाकरी काढून घ्यायची आणि मग त्याच्याकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहायचे, ही पुढच्या शतकाची चाल इथे सुरू झालेली दिसते.

कायद्याच्या बाजूने मात्र कंपनी सरकारनंतर एक नेमके काम झाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ ने घरफोडीची व्याख्या माणसाच्या जातीवरून किंवा मालाच्या किमतीवरून न करता आत शिरण्याच्या किंवा बाहेर पडण्याच्या रीतीवरून केली. स्वतः पाडलेल्या वाटेने, माणसाच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून, बंद असलेली वाट उघडून, कुलूप उघडून, दाराशी जबरदस्ती करून किंवा धमकी देऊन अशा सहा रीती त्यात आहेत. कलमाखालची उदाहरणेही जिवंत आहेत : भिंतीला भोक पाडून हात आत घालणारा, दाराच्या भोकातून तार घालून खिटी उचलणारा, हरवलेली किल्ली सापडली म्हणून तिने दार उघडणारा. चौकटीशेजारी भोक पाडून हाताने कडी काढायची ही पद्धत पोलिसांच्या दप्तरात ‘बगली’ म्हणून नोंदलेली आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला कायद्याने वेगळे आणि अधिक कडक ठेवले. अशा प्रसंगी घरधन्याच्या स्वसंरक्षणाच्या हक्काची मर्यादाही वाढवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये त्याच सहा रीती कायम आहेत.

याच काळात शासनाने दुसरीकडे उलट वाट धरली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही त्याचा अंमल बसला. मेजर गन्थॉर्प याने १८८२ मध्ये वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या, तर मायकेल केनेडी याने १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातल्या ‘गुन्हेगार’ म्हटलेल्या जमातींवर पुस्तके लिहिली. हत्यारे, घर हेरण्याच्या तऱ्हा, फकीर किंवा फेरीवाल्याच्या वेशात केलेली टेहळणी, माल विकत घेणारे सोनार असे बरेच प्रत्यक्ष निरीक्षण त्यांत आहे. पण ते सारे जातीच्या मथळ्याखाली मांडले गेले आणि वागण्याचे ज्ञान माणसांच्या जन्माला चिकटवले गेले. हजेरी, परवाना आणि काटेरी तारांच्या वसाहती यांत पारधी, भामटा, कैकाडी, मांग-गारुडी अशा कित्येक समाजांच्या पिढ्या कोंडल्या गेल्या; सोलापूरची वसाहत त्यांत सर्वांत ओळखीची. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. एखाद्या भागात घरफोडी झाली की जवळच्या पालांवर धाड टाकायची ही सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या १९८७ च्या आत्मकथनात तिची आतून दिसणारी बाजू आहे. खरा चोर त्या वेळी दुसऱ्या गावात निवांत असतो, हे या पद्धतीचे तपास म्हणूनही अपयश आहे.

तपासाला पक्का पाया दिला तो बोटांच्या ठशांनी. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय उघडले. ठशांच्या वर्गीकरणाचे अवघड काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केले. १८९८ मध्ये जलपायगुडीच्या चहामळ्यातल्या व्यवस्थापकाच्या खून आणि चोरीच्या प्रकरणात एका पंचांगावर उमटलेल्या अंगठ्याच्या ठशावरून जुन्या नोकराला पकडले गेले. न्यायालयाने त्याला खुनाबद्दल नव्हे, चोरीबद्दल दोषी धरले. चोरीच्या घरात पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नये, हा आजचा साधा सल्ला ठशांसाठीच आहे. पुढे १९१३ मध्ये इंग्लंडातल्या यॉर्कशरमधले पोलीसप्रमुख ॲचर्ली यांनी गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगार ओळखण्याची रीत मांडली. सराईत माणूस वेळ, वाट, हत्यार आणि निवडीचे घर सहसा बदलत नाही, या निरीक्षणावर ती उभी आहे, आणि पोलीस आजही एकसारख्या घरफोड्या त्याच रीतीने जोडून पाहतात.

शहरांत राखणीचा भार हळूहळू लोखंडावर गेला. १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली आणि १९०२ च्या सुमारास तिजोऱ्याही. पुढे पोलादी कपाट मध्यमवर्गीय घरात इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या कपाटाला लोक ‘गोदरेज’च म्हणू लागले. यातून चोराचे काम एका अर्थी सोपे झाले. वाड्यात ऐवज कुठेही असू शके. फ्लॅटमध्ये तो बेडरूममधल्या कपाटाच्या लॉकरमध्ये असतो आणि किल्ली बहुधा कपाटावर, गादीखाली किंवा साड्यांच्या घडीत. आत शिरलेला माणूस सरळ तिथेच जातो. बँकेतल्या लॉकरने हा धोका बराच कमी केला, पण सणासुदीला आणि लग्नसराईत दागिने घरी येतात तेव्हा तो पुन्हा उभा राहतो.

दाराच्या कुलपानेही नकळत चोराला मदत केली. कडी-कोयंड्याला लोंबणारे कुलूप बाहेरून दिसते आणि घरात कोणी नाही हे जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बातम्यांत नेहमी येणारा ‘कडी-कोयंडा उचकटून’ हा तपशील हेच दाखवतो : कुलूप महागडे असले तरी ते ज्या कोयंड्यात अडकवले तो चार बारीक स्क्रूंवर उभा असतो आणि कटावणीच्या एका झटक्याने निघतो. दारातच बसवलेले, आतून लावले की बाहेरून, सारखेच दिसणारे कुलूप ही खूण देत नाही. लांब स्क्रू, भक्कम चौकट आणि वरखाली दोन ठिकाणी अडकणाऱ्या खिट्या यांवर केलेला खर्च नुसत्या जाडजूड कुलपावर केलेल्या खर्चापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चाळीत ही अडचण कमी होती. एकाच गॅलरीत दहा दारे, दिवसभर उघडी. अनोळखी माणूस दुसऱ्या दारापर्यंत पोहोचायच्या आत ‘कोण पाहिजे?’ असे कोणीतरी विचारायचे. ऑस्कर न्यूमन या वास्तुतज्ज्ञाने १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या वसाहतींचा अभ्यास मांडताना दाखवले की जो जिना किंवा मार्ग फार मोठ्या संख्येने कुटुंबे वापरतात, त्यावर कोणाचीच मालकी वाटत नाही आणि तो कोणी राखत नाही. थोड्या कुटुंबांच्या सामायिक जागेवर मात्र आपोआप लक्ष राहते. चाळीतून फ्लॅटमध्ये गेलेल्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनी हा फरक जगून पाहिला. भिंती पक्क्या झाल्या, लोखंडी जाळीचे दार आले, पण समोरच्या घरात कोण राहते हे माहीत नसण्याची सोयही आली.

खुद्द घरफोड्यांना बोलते करणारे अभ्यासही पुढे झाले. इंग्लंडात बेनेट आणि राइट यांनी १९८४ मध्ये आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये राइट आणि डेकर यांनी १९९४ मध्ये असे संशोधन प्रसिद्ध केले. दुसऱ्यात १०५ जण होते, आणि ते तुरुंगाबाहेर असलेले, अजून घरे फोडणारे. दोन्हींतून निघालेले चित्र शर्विलकाच्या प्रवेशाशी जुळते. घरात कोणी असणे ही त्यांची सर्वांत मोठी भीती; म्हणून आधी बेल वाजवून किंवा दार ठोठावून पाहतात आणि कोणी बाहेर आलेच तर खोटे नाव विचारतात. कुलूप अवघड आहे का याच्याआधी ते घर रिकामे आहे का, शेजारच्यांना दिसेल का आणि कुत्रा आहे का हे पाहतात. आत गेल्यावर फार वेळ थांबत नाहीत. दारात साचलेली वर्तमानपत्रे, न उचललेली दुधाची पिशवी आणि सलग दोन रात्री अंधारलेली खिडकी ही त्यांना हवी असलेली खबर असते. आता सहलीचे फोटो जागच्या जागी समाजमाध्यमांवर टाकले की तीच खबर दूरवर पोहोचते.

महाराष्ट्रात वारंवार नोंदली जाणारी एक पद्धत या सगळ्याचा पुरावा आहे. चोर बंद घर फोडण्याआधी शेजारच्या घरांच्या दारांना बाहेरून कड्या लावतात. कुलूप तोडताना आवाज झाला तर शेजारी जागे होतील, पण दाराबाहेर येऊ शकणार नाहीत, एवढी त्यांची तजवीज असते. बाहेरून लावता न येणारी कडी, दाराला नेत्रछिद्र आणि शेजाऱ्यांचे फोन नंबर हाताशी असणे यामुळे ही चाल निकामी होते.

इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८६ च्या सुमारास सुरू झालेल्या प्रयोगाने आणखी एक सवय उघड केली : एकदा फुटलेले घर थोड्याच काळात पुन्हा फुटण्याचा संभव जास्त असतो, कारण वाट, मांडणी आणि ऐवजाची जागा चोराला कळलेली असते. तिथे चोरी झालेल्या घराची दुरुस्ती ताबडतोब करून आजूबाजूच्या पाच-सहा कुटुंबांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या सुमारे तीन-चतुर्थांशाने घटल्या. म्हणून घर फुटल्यावर पंचनामा आटोपताच ज्या वाटेने चोर आला ती वाट आधी पक्की करायची, किल्ल्या गेल्या असतील तर कुलपे बदलायची आणि पुढचे काही आठवडे घर रिकामे ठेवायचे असेल तेव्हा शेजाऱ्यांना सांगून जायचे. सोसायटीत एकाच बनावटीची दारे आणि खिडक्या असतील तर शेजारच्या फ्लॅटधारकांनीही आपली तीच जागा तपासून घ्यायची, कारण चोराला एका फ्लॅटची वाट कळली की बाकीच्यांचीही कळलेली असते.